मामांची मुनादी

मामा पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांच्या घशाला औषध लावून दिलं होतं. त्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

आर्वीच्या म्युनिसिपल दवाखान्यात नर्स म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. दारात एक उंच, काटकुळा माणूस उभा राहिला. अंगात खाकी कोट, खाली धोतर, हातात शाळेत असते तसली पितळी घंटा. तो काहीतरी बोलला, पण ओठ हलण्यापलीकडे मला काही कळलं नाही. मी जवळ गेले. तो पुन्हा बोलला. वाळलेलं पान सरकावं एवढाच आवाज. मी म्हटलं, बिचाऱ्याचा घसा पार बसला आहे. बाकावर बसवलं, तोंड उघडायला लावलं, बॅटरीने घसा पाहिला आणि कापसाच्या बोळ्याने औषध फासलं. माणूस गरीब गाईसारखा सगळं करून घेत होता. डोळ्यांतलं पाणी पुसून तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "मले काही झालं नाई, नर्सबाई. डाक्टरसायेबाची दोन दिवस सुट्टी हाय, ते गावात सांगतो, एवढंच बोलाले आलतो."

मग तो रस्त्यावर गेला, घंटा वाजवली आणि तोंड उघडलं. माझ्या हातातला ट्रे खाली पडला.

"ऐका होऽऽ ऐका!"

तो आवाज दवाखान्याच्या भिंतीवरून, लिंबाच्या झाडावरून, बाजारातल्या पत्र्यांवरून गेला आणि बहुधा नाल्यापलीकडे जाऊन थांबला. पत्र्यावरचे कावळे उडाले.

हे आमच्या म्युनिसिपालिटीचे मुनादीवाले. मुनादी म्हणजे दवंडी. आमच्या भागात हाच शब्द. गाव त्यांना मामा म्हणायचं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. तरुणपणी ते एका फिरत्या नाटक कंपनीत होते. कंपनी आर्वीला आली आणि आर्वीलाच बुडाली. मालक पडदे घेऊन पळाला, मामा राहिले. मोठ्या आवाजाला गावात एकच नोकरी होती, ती त्यांना मिळाली.

एरवी ते एवढे हळू का बोलतात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आवाज म्युनसिपाल्टीचा हाय, बाई. घरी कायले खर्चू?"

मामी, म्हणजे त्यांची बायको, यावर फार वैतागायची. ती बुटकी, गोल आणि बोलायला फटाकडी. "या माणसाच्या तोंडातून घरात शब्द निंघत नाई. मीठ कमी पडलं तं डोळ्यानं सांगते! मी काय त्याच्या डोळ्याकडं पाहत जेवू?"

मामांची दुसरी खोड म्हणजे, स्वतःला पटल्याशिवाय ते कुठलीही मुनादी देत नसत. ऑफिसातून कारकून लिहून द्यायचा, "तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, मोकाट जनावरे आढळल्यास कोंडवाड्यात घालण्यात येतील." मामा कागद हातात धरून विचारायचे, "कोंडवाड्यात सावली हाय का?" कारकून म्हणायचा, "तुम्हाला काय करायचं आहे? तुम्ही ओरडा." मामा ओरडत नसत. एकदा तर ते उठले आणि कोंडवाड्यात जाऊन बसले. उन्हाळ्याचे दिवस, ऐन दुपार. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं, "मामा, तुमाले कोणी कोंडलं जी?" मामा म्हणायचे, "पाहून राह्यलो, गाईले कसं वाटते ते." संध्याकाळी लाल होऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, आत पाण्याची सोय नाही, ती झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. अध्यक्षसाहेब चिडले, हसले, आणि शेवटी तिथे पाण्याचं टाकं बांधून दिलं. मग मामांनी अशी काही मुनादी दिली की लोक आपली जनावरं पाहुणी पाठवावी तशी कोंडवाड्यात पाठवतील असं वाटलं.

मुनादी म्हणजे त्यांचं नाटकच असे. नळ बंद राहणार असला की आवाज रडवेला. नवा दिवा लागणार असला की लग्नघरासारखा. आणि लोक गप्प थोडेच ऐकायचे! एखादी बाई ओट्यावरून विचारायची, "मामा, नळ सकाळीच बंद की दिवसभर?" वरच्या खिडकीतून कोणी म्हणायचं, "मागल्या टायमालेही असंच म्हणलं होतं, मंग दुसऱ्या दिवशीही पाणी नाई आलं!" मामा थांबायचे, उत्तर द्यायचे, ठाऊक नसेल तर "इचारून येतो" म्हणायचे आणि खरंच विचारून यायचे. एका मुनादीला गाव फिरायला त्यांचा अख्खा दिवस जायचा. मध्येच सरकारी मजकुरात "आन् सोनाबाईचा भाऊ पुलगावहून येऊन राह्यला, तिनं घरीच थांबावं" असंही मिसळून जायचं.

तर अशा गावात अध्यक्षसाहेबांनी कर्णा आणला.

साहेब मनाने चांगले होते, पण नव्या यंत्राचं त्यांना वेड. वीज गावात अलीकडेच आली होती. त्यांनी नागपूरहून लाउडस्पीकरचा संच मागवला. चौकाचौकात खांबावर कर्णे बसवले, तारा ओढल्या, आणि सगळ्यांचं मूळ म्युनिसिपालिटीच्या माडीवर एका मायक्रोफोनला जोडलं. उद्घाटनाला साहेब म्हणाले, "आता एक माणूस एका जागी बसून बोलेल आणि दोन मिनिटांत सारं गाव ऐकेल. वर्ध्यालाही अजून असं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मामांनी. मला वाटलं होतं, बिचारे रडतील. ते तर कर्ण्याच्या खाली उभे राहून नव्या जावयाकडे पाहावं तसे पाहत होते. "काय गळा हाय!" एवढंच मला कुजबुजले. त्या दिवसापासून ते कर्ण्याला दादा म्हणू लागले.

गावातला सगळ्यांत मोठा आवाज आणि गावातलं सगळ्यांत मोठं यंत्र, दोघांची जोडी जमवायची असं साहेबांना वाटणं साहजिकच होतं. त्यांनी मामांना माडीवर बोलावलं, मायक्रोफोनपुढे बसवलं. मी दवाखान्याच्या ओट्यावर उभी राहून ऐकत होते.

"ऐका होऽऽ ऐका!" चौकातला कर्णा थरथरला. "ऐकू येऊन राह्यलं का होऽ?"

आणि मग काहीच नाही. मामा उत्तराची वाट पाहत थांबले होते.

गावालाही सवय तीच. बाजारातून आरोळी उठली, "होऽऽऽ!" धान्याच्या बाजूने उठली, सोनाराच्या गल्लीतून उठली. आमच्या दवाखान्यातला प्लास्टर घातलेला पेशंटही "होऽ" म्हणाला.

"शनवारी नळ बंद राहीन!" कर्णा म्हणाला. पुन्हा शांतता. लोकांनी विचारायला सुरुवात केली, काऊन, किती वेळ, कोणता वार्ड. मामांना माडीवर नुसता गलका कळत होता, शब्द कळत नव्हते. ते मायक्रोफोन सोडून गॅलरीत आले, कानाला हात लावला, आणि कोणी काय विचारलं ते ऐकून तिथूनच ओरडून उत्तरं देऊ लागले. त्या आवाजाला कर्ण्याची काही गरज नव्हती. इकडे मायक्रोफोन चालूच राहिलेला. त्यातून आता कारकुनाचा आवाज साऱ्या गावभर स्पष्ट ऐकू आला, "हा बुढा काही आज मले जेवाले घरी जाऊ देत नाई. आन् सायेब पाहा, कसे हसून राह्यले येड्यासारखे."

आर्वी त्या दिवशी किती हसली म्हणून सांगू! पानठेल्यावरचा माणूस हसता हसता पाटावरून खाली आला. साहेब स्वतः हसले, पण कारकुनाला दोन दिवस त्यांच्या समोर जाता आलं नाही.

त्यानंतर ठरलं, वाचायचं ते कारकुनाने. सरळ, एकदा, दोन मिनिटांत. मामांना काढणं साहेबांच्या जिवावर आलं. म्हणून मामांना नवं काम मिळालं. मुख्य चौकातल्या कर्ण्याखाली स्टुलावर बसायचं आणि त्याची राखण करायची. पगार तोच. लोक म्हणाले, मामा, तुमचं नशीब उघडलं! पाय झिजवायचे नाहीत, घसा फोडायचा नाही, बसल्या जागी पगार!

मामा बसले. पहिले काही दिवस ते कर्ण्याशीच बोलत. कर्णा म्हणायचा, "तमाम नागरिकांस कळविण्यात येते की." मामा खालून म्हणायचे, "कळव रे दादा, कळव." कर्णा म्हणायचा, "घरपट्टी वेळेवर भरावी." मामा विचारायचे, "आन् रस्त्यावरचा दिवा कवा लावता?" कर्णा पुढचं वाचायचा. "पाहा," मामा जमलेल्यांना सांगायचे, "ऐकलं न ऐकल्यासारखं करून राह्यला. शिकलेला हाय!" लोक पोट धरून हसायचे. मग तेही थांबलं. मामा नुसते बसू लागले.

एक दिवस मामी दवाखान्यात आली. "नर्सबाई, कानाचं औषध द्या."

"कोणाला काय झालं?"

"मले. त्याचं तोंड सुटलं. घरात ओरडून राह्यला जी! सकाळी उठला की 'उठा होऽ, सूर्य निंघाला होऽ!' चहा झाला की 'च्या झाला होऽ!' घरात आमी दोघंच. शेजारची म्हैस दूध देईना झाली."

मी हसू लागले. मामीही हसली. मग तिने पदराने तोंड पुसलं. 

"पगार येते, बाई. वेळेवर येते. पण काल ताटावर बसला आन् मले म्हणते, 'मी आज काय केलं म्हणून जेवू?' बसाले तं दगडही बसते म्हणते. म्या काय सांगू त्याले?"

मी तिला कानात घालायचा कापूस दिला.

त्याच वर्षी फाल्गुनात कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत देवीचा रोगी निघाला. देवीची साथ म्हणजे काय, हे आताच्या लोकांना सांगून कळणार नाही. वस्ती मजुरांची. कोणी जिनात, कोणी शेतावर, घराघरात लहान लेकरं. डॉक्टरसाहेबांनी ताबडतोब लस मागवली. कर्ण्यावरून जाहीर झालं, उद्या सकाळी वस्तीत टोचणीसाठी डॉक्टर येतील, सर्वांनी आपल्या मुलांसह हजर राहावे.

सकाळी आम्ही गेलो तर वस्ती रिकामी. माणसं नाहीत, लेकरं नाहीत, शेळ्यासुद्धा नाहीत. कर्ण्याने सांगितल्यामुळे सगळ्यांना पळायला अख्खी रात्र मिळाली होती. एका दारात एक म्हातारा तेवढा बसला होता, तोंडभर देवीचे जुने वण. "मले टोचा पाह्यजे तं," तो म्हणाला, "मले काही फरक पडत नाई." बाकी सगळे टोचणीच्या भीतीने संत्र्याच्या बागांत लपले होते. पुन्हा एकदा जाहीर केलं, पुन्हा तेच. डॉक्टरसाहेब टोपी आपटून म्हणाले, "हा कर्णा आहे की चोरांना शिट्टी!"

मी सरळ चौकात गेले. मामा स्टुलावर बसून होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मामा, तुम्ही चला."

मामांनी घंटा उचलली नाही. आधी त्यांनी मला प्रश्न विचारले, कोंडवाड्यासारखेच. टोचता कशाने? लस कशाची? दुखतं का? ताप येतो का? कोणी मरतं का?

"देवीने मरतात, मामा. टोचल्यावर हात सुजतो, आठवड्याने ताप येतो. बहुतेकांचा आपोआप उतरतो. एखाद्याला जास्त त्रास होतो, तेव्हा आम्ही पाहतो."

"मंग पह्यले मले टोचा."

दवाखान्यात आणून त्यांना बाकावर बसवलं. मी नुसतं टोचायचं हत्यार हातात घेतलं आणि एवढा थोरला माणूस धाडकन आडवा झाला. सोबत आलेल्या मामीने तोंडावर पाणी मारलं, "नाटकात हा भीम व्हायचा म्हणे!" डोळे उघडल्यावर मामांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "अजून नाही." ते पुन्हा आडवे झाले. त्या बेशुद्धीतच मी त्यांना टोचून टाकलं.

डॉक्टरसाहेबांनी त्यांना बजावलं, "तापाचं काही बोलू नका. कोणी येणार नाही."

मामा म्हणाले, "आन् मंग ताप आला म्हणजे? माह्याकडं पाह्यतीन ते. मी कुठं पाहू?"

कारकुनाने अडवलं की कर्णा सोडून जाता येणार नाही. मामा खांबाखाली गेले, वर तोंड करून त्यांनी विचारलं, "दादा, जाऊन येऊ का?" क्षणभर कान देऊन उभे राहिले. मग कारकुनाला म्हणाले, "नाई तं म्हणून नाई राह्यला." आणि घंटा घेऊन निघाले.

दिवेलागणीला लोक शेतावरून परत येतात. आम्ही त्याच वेळी वस्तीत पोचलो. फार दिवसांनी तो आवाज सुटला. "ऐका होऽऽ ऐका! म्या टोचून घेतलं होऽ! आन् मी बेसुद पडलोऽ!"

दारं उघडली. असली मुनादी कोणी ऐकली नव्हती. मामांनी बाही वर करून दंड दाखवला, पडून दाखवलं, मामीने पाणी कसं मारलं ते दाखवलं, मी हत्यार घेऊन कशी आले तेही दाखवलं, आणि मी काही त्यांच्या नाटकातल्यासारखी राक्षसीण दिसत नाही हे मला तिथे ओरडून सांगावंसं वाटत होतं. वस्ती हसून हसून बेजार. मग आवाज बदलला. देवीने काय होतं ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. ताप येईल हेही सांगितलं. प्रश्न सुरू झाले. ठाऊक होतं त्याचं उत्तर त्यांनी दिलं, नव्हतं त्याचं माझ्याकडे वळून विचारून घेतलं.

गर्दीच्या मागे एक तरुण बाई उभी होती, कडेवर लहान लेकरू. ती हसली नव्हती. "माहा पह्यला पोरगा तापानंच गेला," ती म्हणाली. "टोचून नाई, असाच. आता याले तुमच्या टोचण्यानं ताप आला तं? तुमी येसान का, मामा? की मंग त्या खांबावरून सांगसान?"

सगळे मामांकडे पाहू लागले. मला वाटलं मामा काही विनोद करतील.

"येईन," मामा म्हणाले. "ताप उतरेपर्यंत तुह्या दारातून हलणार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या भिंतीला लागून जी रांग लागली! मामा रांगेच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाची वर्दी द्यायचे, "आले हो आले, गंगारामबुवा आले, डोळे मिटून राह्यले, मिटू द्या!" एक बाई नवऱ्याला दंडाला धरून ओढत होती, आणि नवरा शेळीला धरून बसला होता. म्हातारा तोंडभर वणांचा, तोही हौसेने रांगेत लागला. डॉक्टरसाहेब टोचता टोचता गाणं गुणगुणू लागले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सगळ्यांत शेवटी ती बाई आली. लेकराचा दंड तिने पुढे केला.

त्यानंतर मामा रोज वस्तीत फेरी मारायचे. "ताप हाय का होऽ?" दारादारातून उत्तर यायचं. कोणाला ताप असला की ते मला येऊन सांगायचे. आणि मग त्या बाईच्या लेकराला ताप आला. चांगलाच भरला. दंड सुजून लाल झाला, लेकरू दूध पिईना.

मामा गेले ते तिच्या दारात बसले. ती त्यांना वाटेल तसं बोलली. "तुमी सांगतलं म्हणून म्या टोचलं. माह्या लेकराले काही झालं तं पाह्यजा!" मामा पाणी आणून द्यायचे, फडकं भिजवून द्यायचे, मी औषध दिलं की ते पाजताना लेकराचे पाय धरायचे. मी पट्टी बांधून बाहेर आले तर दाराशी बसलेले मामा उठून उभे राहिले. मला म्हणाले, "उतरेन ना, बाई?" मी म्हटलं, "उतरायला पाहिजे." असं उत्तर त्यांना चालायचं नाही, हे मला ठाऊक होतं.  मामी भाकर घेऊन आली. भाकर तशीच राहिली. मग मामीही त्यांच्या शेजारी बसली, चक्क न बोलता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकराला घाम सुटला. थोड्या वेळाने ते दूध ओढू लागलं. ती बाई बाहेर आली, मामांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "जेवून घ्या आता." त्या दोघांना तिने आपल्या घरात बसवून ताजी भाकर वाढली. मामा एवढे जेवले की मामीलाच लाज वाटली.

अध्यक्षसाहेबांच्या कानावर हे सगळं गेलं. त्यांनी मामांना बोलावलं आणि विचारलं, "मामा, तुमचं काम नेमकं काय आहे, मला एकदा सांगा. म्हणजे मी तसा ठराव करतो." मामांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "कर्णा सांगते, सायेब. लोक काय म्हणतेत ते मी ऐकून येतो." ठरावात हे बसवता बसवता कारकुनाला घाम फुटला, पण बसवलं. स्टूल माडीवर परत गेलं. कर्णा दोन मिनिटांत गावाला सांगायचा, आणि मग दिवसभर मामा गावात.

टोचणीचं काम पुढे दुसऱ्या वस्त्यांतही गेलं. चैत्रात आम्ही स्टेशनाच्या बाजूच्या एका वस्तीत उभे होतो. मामांचा प्रयोग रंगात आला होता. बेशुद्ध पडून झालं होतं, पाणी मारून झालं होतं. तेवढ्यात एका माणसाने हात वर करून विचारलं, "हे सारं ठीक हाय. पण लेकराले ताप भरला तं मंग तुमच्यातलं कोण येते इथं?"

मामांनी छाती भरून घेतली. त्यांनी तोंड उघडायच्या आत गर्दीतून जिनिंगमागच्या वस्तीतली ती बाई पुढे आली. कडेवरचं लेकरू हातातला भाकरीचा तुकडा चघळत होतं. ही बाई इतक्या लांब कशाला आली होती, मला माहीत नाही. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"हे येतेत," मामांकडे बोट करून ती म्हणाली. "माह्या घरी आलते."

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, लेकराकडे पाहिलं, आणि आपल्या पोरीची बाही वर करू लागला. मामा मात्र तसेच, छाती भरलेली, तोंड उघडं. मग हळूच माझ्या कानाशी वाकून फार दुखावल्या आवाजात म्हणाले, "नर्सबाई, माहं वाक्य तिनं घेतलं." आणि घंटा एवढ्या जोरात वाजवली की ती पोरगी दचकायची सोडून खदखदून हसली, आणि तेवढ्यात मी टोचून टाकलं.